फोरहँडचा जोर: हात सर्वांत शेवटी

टेनिसमध्ये रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूला आलेला चेंडू मारायचा फटका म्हणजे फोरहँड. त्याला जोर कुठून येतो, ते इथे पाहू. आधी गणित उरकून घेऊ. रॅकेटच्या जाळीच्या मधोमध लागलेला चेंडू किती वेगाने परत जातो, हे ढोबळमानाने असं काढता येतं: येणाऱ्या चेंडूच्या वेगाची ०.४ पट, अधिक रॅकेटच्या वेगाची १.४ पट. टप्पा घेऊन चेंडू ताशी ४० किलोमीटरने आला आणि रॅकेटचं डोकं, म्हणजे तारांची चौकट, ताशी ७० ने पुढे येत असेल, तर १६ अधिक ९८, म्हणजे ११४. रॅकेटचा वेग १० ने वाढवा, चेंडूचा १४ ने वाढतो. समोरून चेंडू १० ने जास्त वेगाने आला, तर तुमच्या फटक्यात फक्त ४ ची भर पडते. आणि हाच चेंडू जाळीच्या टोकाशी लागला, तर ०.४ चा आकडा जवळजवळ शून्यावर येतो, आणि १.४ चा १ वर. टोक मधल्या भागापेक्षा जरा वेगाने फिरतं हे धरूनसुद्धा ११४ चे ८० च्या आसपास होतात.

म्हणजे कामं दोनच. रॅकेटचं डोकं वेगाने आणायचं, आणि चेंडू मधोमध घ्यायचा. दंडाच्या घेराला या गणितात जागा नाही. हँडल किती घट्ट आवळलंय यालाही जवळपास नाही, कारण चेंडू तारांवर जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद असतो. मुठीला काही कळायच्या आत तो निघून गेलेला असतो. क्लबात दातओठ खाऊन मारणाऱ्यांचा चेंडू मऊ का पडतो आणि शेजारच्या कोर्टवरच्या सडपातळ मुलीचा कोर्टामागच्या कुंपणावर का आदळतो, याचं उत्तर इथून सुरू होतं.

खालचं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

वेग कसा तयार होतो

शरीराचे मोठे भाग जड असतात. त्यांच्यात ताकद भरपूर, पण ते फार वेगाने फिरू शकत नाहीत. लहान भाग हलके, वेगवान, पण एकट्याने दुबळे. फोरहँडमध्ये पाय जमिनीला ढकलतात, जमीन तितक्याच जोराने उलट ढकलते, तो जोर खुब्यात जातो, खुब्यातून धडात, तिथून खांद्यात, दंडात, कोपरातून पुढच्या हातात आणि शेवटी रॅकेटमध्ये. प्रत्येक भाग आपल्या कमाल वेगाला पोचला की मंदावतो, आणि त्याचा वेग पुढच्या हलक्या भागाला मिळतो. शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवणाऱ्याचा हात पाहिला असेल, तर हे वेगळं समजवायला नको: धोंडा सुटतो तेव्हा हात जवळजवळ थांबलेला असतो.

हा मंदावण्याचा भाग लोक विसरतात. खुबा थांबलाच नाही, धड फिरतच राहिलं, तर वेग पुढे सरकत नाही. सगळं अंग एकदम फिरतं आणि रॅकेट त्याच्याबरोबर फरपटत येते. उलट दोषही तितकाच आढळतो, किंबहुना जास्त: हात आधीच निघतो आणि पायांचा, कमरेचा जोर मागाहून पोचतो, जेव्हा चेंडू गेलेला असतो. पुढच्या सगळ्या सूचना या एकाच क्रमाच्या रक्षणासाठी आहेत.

पकड

हँडलला आठ बाजू असतात. रॅकेट अशी धरा की जाळी जमिनीला काटकोनात उभी राहील. सगळ्यात वरची बाजू पहिली. हँडलच्या बुडाकडून पाहत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजत जा. तर्जनीच्या मुळाशी तळव्यात जो उंचवटा असतो, तो तिसऱ्या बाजूवर टेकला की ईस्टर्न पकड, चौथ्या बाजूवर सेमी-वेस्टर्न, पाचव्यावर वेस्टर्न. फेडररची पकड ईस्टर्नकडे झुकणारी, नदालची सेमी-वेस्टर्न, जोकोविचची त्याहूनही वेस्टर्नच्या बाजूला. तिघांचंही बरं चाललं.

पकड बदलली की चेंडू कुठे गाठायचा ती जागा बदलते. वेस्टर्नकडे जाल तसा चेंडू अधिक पुढे आणि अधिक उंचीवर घ्यावा लागतो. म्हणून टीव्हीवर पाहून पकड बदलणाऱ्याचा सगळा फोरहँडच काही महिने मोडतो. नव्याने शिकत असाल तर सेमी-वेस्टर्न घ्या. ईस्टर्नवर वर्षानुवर्षं खेळत असाल आणि खांद्याच्या उंचीचे चेंडू सोडून बाकी काही अडत नसेल, तर तिला हात लावू नका.

मुठीचा दाब दहापैकी तीन-चार इतका पुरे. चेंडूच्या क्षणी मूठ आपोआप थोडी आवळली जाते, ते वेगळं सांगावं लागत नाही.

वळण आधी, रॅकेट नंतर

समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्या क्षणी तुम्ही हवेत असायला हवं, बोटभरच, आणि बाजू कळता कळता चवड्यांवर उतरायचं. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. उतरताना मांड्या आणि पोटऱ्या ताणल्या जातात, आणि पहिलं पाऊल त्या ताणातून निघतं. हौशी खेळाडू धावण्यात कमी पडतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो या अर्ध्या उडीला आळस करत असतो.

त्यानंतर पहिली हालचाल हाताची नाही. डावा हात रॅकेटच्या गळ्यावर, म्हणजे डोकं आणि हँडल यांच्या मधल्या भागावर, ठेवूनच खांदे आणि कंबर एकत्र उजवीकडे वळवा, छाती बाजूच्या कुंपणाकडे येईपर्यंत. खांदे वळले म्हणजे रॅकेट आपोआप मागे आलेली असते. मग डावा हात गळा सोडतो आणि बेसलाइनला (कोर्टाच्या मागच्या रेषेला) समांतर उजवीकडे ताणला जातो. हा हात शोभेचा नाही. तो ताणलेला असला की खांदे खुब्यापेक्षा जास्त वळतात, आणि त्या फरकामुळे पोटाच्या बाजूचे तिरके स्नायू पिळले जातात. फोरहँडचा साठवलेला जोर तो हाच.

इथे जुन्या शिकवणीशी माझं भांडण आहे. ‘रॅकेट मागे! लवकर मागे!’ हे आपल्याकडच्या कोर्टांवर अजूनही ऐकू येतं. मुलं मग रॅकेट पार मागे नेऊन पुतळ्यासारखी थांबतात. ताणलेला स्नायू लगेच आखडला तरच ताणाचा फायदा मिळतो. सेकंदभर थांबलात तर त्यातला मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया गेलेला असतो. वळण लवकर हवं, पण रॅकेट वरून खाली येण्याचा प्रवास चेंडूच्या टप्प्याशी जुळवून, न थांबता. वर्तुळाकार मागे-खाली-पुढे जाणारा झोका याचसाठी रुळला आहे.

जुन्या मंडळींची बाजूही सांगितली पाहिजे. लाकडी रॅकेटची जाळी ६५ ते ७० चौरस इंचांची होती, आजच्या रॅकेटची साधारण ९५ ते १०५. लहान जाळी, गवतावरची खुजी उसळी, त्यात नेटकडे पूर्ण बाजू करून उभं राहून, रॅकेट आधीच मागे ठेवून, चेंडूच्या रेषेत सरळ मारणं शहाणपणाचंच होतं. साधन बदललं, कोर्ट बदललं, पण सूचना तीच राहिली, एवढीच तक्रार.

उजव्या पायावर भार

आता पाय कसे ठेवायचे. दोन्ही पाय नेटकडे तोंड करून समांतर ठेवले तर ओपन स्टान्स. डावा पाय थोडा पुढे तिरका आला तर सेमी-ओपन. डावा पाय सरळ नेटच्या दिशेने पुढे टाकला तर न्यूट्रल. डावा पाय उजव्याच्याही पलीकडे आडवा गेला तर क्लोज्ड, आणि त्यात खुबा कुलूप लावल्यासारखा अडकतो. फोरहँडला ही शेवटची जागा शक्यतो टाळा. वेळ कमी असेल, चेंडू उंच किंवा रुंद असेल तर ओपन. आखूड, खालचा चेंडू पुढे येऊन मारायचा असेल तर न्यूट्रल. बाकी सगळीकडे सेमी-ओपन. याहून जास्त विचार करण्यासारखं यात काही नाही.

विचार करायचा तो उजव्या पायाचा. पूर्ण तळवा जमिनीवर, गुडघा वाकलेला आणि पायाच्या बोटांच्या रेषेत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुब्याच्या सांध्यात घडी. बरेच जण गुडघा वाकवतात पण खुब्यात घडी घालत नाहीत, पाठ ताठ काठीसारखी राहते. मग शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, नितंबाचा, कामालाच लागत नाही. तपासायचा सोपा मार्ग आहे. चेंडूशिवाय तयारीच्या जागेपर्यंत या आणि डावा पाय जमिनीवरून उचला. दोन क्षण स्थिर उभं राहता आलं तर भार खरोखर उजव्या पायावर होता. तोल गेला तर तो तुमच्या कल्पनेतच होता.

सुटका

इथून पुढे सगळं पाव सेकंदाच्या आतबाहेर घडतं. म्हणून हा भाग डोक्याने करायचा नसतो. सरावात तुकड्या-तुकड्याने बसवायचा आणि सामन्यात विसरून जायचा.

उजवा पाय जमीन ढकलतो. खुबा आधी फिरतो, खांदे अजून मागेच. त्या क्षणभरात पोटाचा पीळ आणखी वाढतो. मग धड सुटतं, आणि त्याच वेळी डावा हात छातीशी मिटत येतो. हात मिटला की धड वेगाने फिरतं, आणि तो छातीशी येऊन आवळला की डावी बाजू अडसर बनते, धड मंदावतं आणि वेग उजव्या खांद्याला मिळतो. डावा हात लुळा खाली सोडणारे खेळाडू हे दोन्ही फायदे घालवतात. फोरहँडमध्ये एकच दुरुस्ती करायची मुभा मिळाली, तर मी डाव्या हाताची करेन.

उजवीकडे काय होतं? खांदा हात पुढे ओढतो, पण रॅकेटचं डोकं जड आणि हातापासून दूर असल्याने मागे रेंगाळतं. मनगट सैल असेल तर ते आपोआप मागे मोडतं, डोकं हाताच्या खाली उतरतं, आणि हँडलचं बूड नेटकडे रोखलं जातं. हल्ली सगळे ज्याला ‘लॅग’ म्हणतात तो हा. तो दिसतो मनगटात, पण घडवतो खांदा आणि धड. मनगट मुद्दाम मागे वळवून लॅगची नक्कल करणारे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातून वेग मिळत नाही, मनगट मात्र दुखतं. हात सैल आणि धड आधी, या दोन अटी पाळल्या की लॅग येतोच.

या रेंगाळण्यात छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू ताणले गेलेले असतात. मग दंड खांद्याच्या सांध्यात आतल्या बाजूला फिरतो, आणि रॅकेटचा वेग एकदम चढतो. अभ्यासकांनी मोजलेल्या वाट्यांमध्ये दंडाच्या या फिरण्याचा वाटा फार मोठा निघतो. ‘मनगट मार’ असं सांगणाऱ्याला दिसत असतं ते बहुतेक वेळा हेच. लांबून पाहताना दंड फिरतोय की मनगट, हे कळत नाही.

चेंडूशी गाठ

चेंडू शरीराच्या पुढे घ्यायचा, पोटापासून निदान दोनेक वीत. शेजारी आला तर खांद्याचा वेग अजून चढतोय तोवरच गाठ पडते, आणि मनगटाला उरलेलं काम जबरदस्तीने करावं लागतं. कोपर सरळ असावं की वाकलेलं? नदाल आणि फेडरर जवळजवळ सरळ हाताने मारायचे, अल्काराझही तसाच मारतो, जोकोविच वाकवून. सरळ हातात रॅकेटचं डोकं अक्षापासून दूर जातं, म्हणून वेग जास्त, पण चेंडूपासूनचं अंतर चुकवायला वाव कमी. पायांचं काम चोख नसेल तर वाकलेलं कोपरच बरं.

गाठ पडताना मनगट अजूनही थोडं मागे असतं, जाळी जवळजवळ उभी, वरची कड अगदी किंचित पुढे कललेली. चेंडू निघण्याची दिशा एक अंशाने चुकली तर २० मीटर पुढे तो सुमारे ३५ सेंटीमीटर भरकटतो, आणि कोर्टाची लांबी आहे २३.७७ मीटर. डोकं स्थिर ठेवायचं ते याचसाठी. फेडररचे फोटो काढून पाहा: चेंडू निघून गेला तरी नजर गाठीच्या जागेवरच. चेंडू कुठे गेला हे पाहायची घाई झाली की डोकं उठतं, त्यामागे डावा खांदा उघडतो, आणि जाळीही उघडते.

आता टॉपस्पिनचं. रॅकेट खालून वर जात चेंडूला घासते. चेंडू पुढच्या दिशेने गरगरत जातो, त्याच्या वरच्या बाजूला हवेचा दाब जास्त होतो आणि तो खाली दाबला जातो. त्यामुळे नेटवरून मीटरभर उंच मारूनही तो आत पडतो. नेट मधोमध ०.९१४ मीटर उंच, खांबांशी १.०७, तेव्हा कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलेल्या चेंडूला नेटचा कमी उंचीचा भाग मिळतो आणि अंतरही जास्त मिळतं. नदालच्या फोरहँडची फिरकी मोजली गेली तेव्हा ती सरासरी मिनिटाला ३२०० फेऱ्यांच्या आसपास निघाली.

‘फिरकी दिली की जोर जातो’ अशी एक समजूत आहे. पुन्हा गणित. रॅकेटचा वेग ताशी ८०, वाट ३० अंश वर चढणारी. पुढच्या दिशेचा वाटा ६९ राहतो, आणि वरच्या दिशेला ४० मिळतात. म्हणजे ११ देऊन ४० घेतले. हा सौदा आखूड उसळीवर किंवा चेंडू संपवायचा असताना नको, एरवी वाईट नाही. ४५ अंशांवर मात्र दोन्हीकडे ५७ येतात, आणि मग खरोखरच चेंडू सर्व्हिस लाइनपाशी, म्हणजे नेट आणि बेसलाइन यांच्या साधारण मध्यावर, पडून समोरच्याच्या कमरेशी आरामात येतो. क्लबातले निम्मे ‘टॉपस्पिनवाले’ इथे अडकलेले असतात.

फॉलो-थ्रू

यावर कमी बोलावं. चेंडू गेल्यावर रॅकेट कुठे थांबली याचा चेंडूवर परिणाम शून्य. ती आधी काय घडलं याची पावती आहे. सपाट फटक्यात ती डाव्या खांद्यावर येते, जास्त फिरकीत डाव्या बरगडीकडे, उशीर झालेल्या किंवा पळत मारलेल्या चेंडूला नदालसारखी स्वतःच्याच डोक्यावरून. फक्त मध्येच अडवू नका. हा वेग खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंना रोखायचा असतो, आणि त्यांना जितकं जास्त अंतर द्याल तितका त्यांच्यावरचा ताण कमी.

फोनने तपासा

साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांत ३३ मिलिसेकंदांचं अंतर. ५ मिलिसेकंदांची गाठ त्यात बहुतेक हुकतेच. फोनमध्ये २४० चित्रांचा स्लो मोशन असेल तर एक चित्र सुमारे ४ मिलिसेकंदांचं, त्यात गाठ एखाद-दुसऱ्या चित्रात सापडते. फोन उजव्या बाजूच्या कुंपणाला कमरेच्या उंचीवर बांधा आणि दहाबारा फटके घ्या. मग फटका नव्हे, तीन ठिकाणं पाहा. समोरच्याने मारलेला चेंडू नेट ओलांडायच्या आधीच तुमचे खांदे वळायला लागले होते का? रॅकेट सर्वांत खाली असताना बेंबी कुठे पाहत होती? ती आधीच नेटकडे वळू लागली असेल तर क्रम बरोबर. अजून बाजूच्या कुंपणाकडे असेल तर हात आधी निघाला. आणि गाठीच्या चित्रात चेंडू उजव्या खुब्याच्या पुढे आहे की शेजारी?

उन्हात काळं पडलेलं चित्र निरुपयोगी असतं, तेव्हा सूर्य फोनच्या मागे ठेवा.

सराव कसा लावावा

उलट्या क्रमाने शिकू नका. आधी रॅकेटशिवाय: दोन-तीन किलोचा मेडिसिन बॉल दोन्ही हातांत, फोरहँडच्या वळणातून भिंतीवर फेका. जड गोळा नुसत्या हाताने जातच नाही, त्यामुळे पाय आणि खुबा बोलायला लागतात. मग रॅकेट उलटी धरून, म्हणजे गळ्याकडून, हवेत फिरवा आणि आवाज ऐका. ‘सूं’ असा आवाज शरीराच्या पुढे यायला हवा. मागे, खांद्याशी आला तर जोर लवकर खर्च होतोय.

त्यानंतर कुणीतरी शेजारून चेंडू सोडायचा आणि तुम्ही निम्म्या वेगाने मारायचा. इथे घाई करण्यात अर्थ नाही. रॅली, म्हणजे समोरच्याशी सलग चालणारी फटक्यांची देवाणघेवाण, आणि पळणं यात आलं की जुनी सवय पहिल्याच मिनिटाला परत येते. मधोमध लागल्याचा आवाज आणि हाताला न जाणवणारा धक्का हीच खूण. दहातले आठ तसे लागायला लागले की वेग वाढवा, आणि मग सगळ्यात शेवटी चालत्या रॅलीत. चेंडू बरे वापरा. हवा गेलेल्या चेंडूंवर सराव केला की प्रत्येक जण नकळत हाताने ढकलायला लागतो.

दुखणी

१९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्टेनने पॉलिएस्टर तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि त्या तारा सगळीकडे पसरल्या. त्या सरकून परत जागेवर येतात, फिरकी वाढवतात. पण त्या कडक असतात, आणि आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याच्या कोपराला त्याची किंमत मोजावी लागते. रॅकेटचा वेग मुळातच कमी असेल तर त्यांचा फायदाही फारसा मिळत नाही. मऊ सिंथेटिक तारा लावा, ताण दोन-तीन पौंडांनी उतरवा.

मनगट जास्त जपायचं. करंगळीच्या बाजूला दुखू लागलं तर बहुतेक वेळा मनगट जबरदस्तीने वापरलं जातंय, किंवा पकड फारच वेस्टर्नकडे गेली आहे. २००९ च्या यूएस ओपन अंतिम सामन्यात फेडररला हरवणाऱ्या देल पोत्रोच्या उजव्या मनगटावर पुढच्याच वर्षी शस्त्रक्रिया झाली. जिचा फोरहँड जगभर नावाजला गेला त्या सानिया मिर्झालाही २००८ मध्ये मनगटाच्या शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं. खांद्यासाठी रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधा, कोपर बरगडीशी ठेवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवा, सावकाश, पंधराच्या दोन-तीन फेऱ्या, एक दिवसाआड. हे वेग रोखणारे स्नायू आहेत. दुखणं दोन आठवड्यांच्या विश्रांतीनंतरही टिकलं, किंवा हँडल धरतानाच कळ येत असेल, तर कोर्टवर न जाता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.